शिडीचा दोर

बोटीवरून (बोट मात्र जमिनीवर)
४ मार्च

वहिनीस धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. वाकून अशासाठी, की या केबिनमध्ये सरळ उभं राहिलं की डोक्याला टेंगूळ येतं. आतापर्यंत दोन आली आहेत.

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला याची तीन कारणं देतो, आवडेल ते घे. एक, बोट वर काढली आहे आणि कामातून मान वर करता येत नाही. दोन, पेन सापडत नव्हतं. तीन, काय लिहावं सुचत नव्हतं. तू तिसरंच घेशील. लग्न होऊन आपल्या घरात आलीस तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि माझं प्रगतिपुस्तक बाबांच्या आधी तुझ्या हातात पडायचं, तेव्हा तुझ्यापुढे थापा मारण्यात अर्थ नाही.

घरी सगळं ठीक. ही तुला नमस्कार सांगते आणि विचारते, आमच्या घरात नवरा राहतो की पाहुणा येतो. कारण सध्या मी बोटीवर झोपतो. हसू नकोस. बोट यार्डात आहे, पाण्यापासून चांगली शंभर पावलं लांब, आठ टेकूंवर उभी, आणि मी वर अंथरूण घालून झोपतो. हिला सांगितलं की चोऱ्या होतायत, गेल्या महिन्यात शेजारच्या बोटीचा तळाचा पंखा कुणी काढून नेला. मुकादमाला सांगितलं की घर रंगवायला काढलंय. रखवालदाराला सांगितलं की माझं घोरणं बायकोला सोसत नाही. तिघांना तीन कारणं दिली आणि आता कुणाला कुठलं दिलं ते आठवून बोलावं लागतं.

पाण्यात बोट हलते म्हणून लोकांना झोप लागत नाही. मला ती हलत नाही म्हणून लागत नाही. कूस बदलली की अंग वाट बघत राहतं, आता ही दुसऱ्या बाजूला कलेल, आता कलेल. ती ढिम्म. खाली पाणी नाही हे डोक्याला कळतं, पाठीला कळत नाही. पुन्हा सगळे सोपस्कार जमिनीवरचे. सकाळी तोंड धुवायचं तर खाली उतरून यार्डाच्या टोकाला नळावर जायचं. पहिल्या दिवशी आळस केला आणि केबिनच्या बेसिनमध्येच चूळ भरली. ते पाणी बाजूच्या भोकातून बाहेर पडतं हे मी विसरलो होतो, आणि त्या भोकाखाली नेमका रंगारी बसला होता. त्याने माझ्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी केली. मी वरून सगळ्यांची खुशाली कळवली.

काम बरं चाललंय. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून झाले, उजव्या अंगाच्या फटी बुजवलेली जुनी लांबी काढली, कापूस ठोकला, आता नवी लांबी भरतोय. आपले सुतारकाका अजून आहेत. सत्तरी उलटली, दिसतं कमी, पण फळीवरून बोट फिरवून सांगतात कुठे फट राहिली. माझी लांबी बघून मान हलवतात. बोलत काही नाहीत. पूर्वीही नव्हते बोलत.

यार्डाचे नियम तेच. शिडी उभी असेल तर वर माणूस आहे, शिडी खाली आडवी असेल तर बोट रिकामी. माणूस वर झोपणार असेल तर त्याने शिडीचं वरचं टोक कठड्याला बांधायचं. रोज संध्याकाळी रखवालदार खालून विचारतो, शिडी उभीच ठेवायची ना. मी हो म्हणतो. तो गेला की वाकून बघतो. मग पुन्हा एकदा बघतो. वय झालं असेल, दुसरं काय.

आता दादाबद्दल. खुब्याचं ऑपरेशन करून घ्यायला तो तयार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आता नाही केलं तर वर्षभरात चाकांची खुर्ची, तरी ऐकत नाही. विजेच्या पंख्यांच्या दुकानात जाऊन बसतो, येतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. "दारूने घालवलेला पाय परत मागायचा मला काय हक्क," असं म्हणाला, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस की अकरा वर्षांनी का होईना, त्या संध्याकाळी प्यायलो होतो हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि तुझ्या मनावरचं ओझं उतरलं. पाय अधू झाल्याचं दुःख होतंच, पण एवढी वर्षं तो तुझ्याशी खोटं बोलतोय हे जास्त लागत होतं.

तुझं ओझं उतरलं हे वाचून मला

(इथे लांबीचा डबा उघडा राहिल्याचं आठवलं म्हणून उठलो. झाकण लावून आलो. काय लिहिणार होतो ते आता आठवत नाही.)

तू म्हणतेस, माझं तो ऐकेल, मी समजवावं. वहिनी, त्याने माझं कधी ऐकलंय? मीच त्याचं ऐकत आलो, तेही नीट नाही. पण लिहीन. बघतो.

चिमणीला म्हणावं, काकाने तिच्यासाठी तळाचा एक अख्खा शिंपला न फोडता काढून ठेवलाय. चौदा वर्षांच्या मुलीला शिंपल्याचं काय कौतुक म्हणा. पण मला ती अजून तीन वर्षांचीच दिसते.

तुझा
बारक्या


बोटीवरूनच
११ मार्च

वहिनी,

नमस्कार. पत्र काल आलं.

माझं पत्र तू त्याला मोठ्याने वाचून दाखवलंस. तसं माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागतंय, बाबा तर म्हणायचे की हा पेनाने नाही, खेकड्याच्या पायाने लिहितो. रंगाऱ्याच्या डोक्यावर चूळ पडली तिथे दादा हसला, कित्येक महिन्यांनी हसला, असं तू लिहिलंस. ते वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं.

पण त्याच्या खालच्या दोन ओळी. तो म्हणाला, "बारक्याला लिही, शिडी वरून नीट बांधत जा म्हणावं. मी बांधली नव्हती."

वहिनी, पूर्वी तो असं म्हणत नव्हता. तुला आठवतं का? हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, मी शिडी बांधली होती. नर्सला सांगितलं, बाबांना सांगितलं, मुकादम भेटायला आला त्याला सांगितलं. वर्षभर सांगत होता. मग कमी झालं. मग बंद झालं. आता, सगळ्यांचं ऐकून ऐकून, म्हणतो बांधली नव्हती, आणि तेही माझ्या काळजीने म्हणतो.

मी हे पत्र काल लिहायला घेतलं होतं. चार कागद फाडले. आता हा पाचवा, आणि यार्डाच्या दुकानात कागद संपले आहेत, म्हणून हा फाडता येणार नाही.

त्या संध्याकाळी दादा प्यायला नव्हता.

मला माहीत आहे. तू दिलेला जेवणाचा डबा घेऊन मीच गेलो होतो. दिवसभर रंगकाम केल्यावर तो स्पिरिटच्या फडक्याने हात, मान, कोपर सगळं पुसायचा, आणि त्या दिवशी स्पिरिटचा अर्धा डबा त्याच्या सदऱ्यावर सांडला होता. डॉक्टरांना वास आला तो त्याचा. तुलाही आला तो त्याचाच. पूर्वी तो पीत होता आणि तुझ्यासाठी सोडली होती, म्हणून तुला दुसरं काही सुचलं नाही. तुझी चूक नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं, आणि जे सांगू शकले असते ते बोलले नाहीत.

जे म्हणजे मी. एवढंच आज लिहितो. मला कसं माहीत हे लिहिलं. आणखी काही माहीत आहे का, ते विचारू नकोस. म्हणजे विचार. तू विचारशीलच.

बारक्या


बोटीवरून
१७ मार्च

वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. "तुला माहीत होतं तर अकरा वर्षं तोंड का शिवून बसलास?" खाली नाव नाही, आशीर्वाद नाही. बरोबर आहे.

पुढचं पत्र दादाला आहे, पण वाचायचं तू. त्याच्यासमोर बसून, मोठ्याने. आधी एकटीने चाळू नकोस आणि मधे थांबू नकोस. सोबत दोऱ्याने बांधलेलं एक पुडकं आहे. ते आत्ता सोडू नकोस, मी सांगेन तेव्हा त्याच्या हातात दे.

दादा,

त्या दिवशी सकाळी मी डाव्या अंगाच्या फटी भरल्या होत्या. तू आलास, भरलेल्या लांबीत खिळा खुपसलास, तो सरळ आत गेला. कापूस न ठोकता मी नुसतीच लांबी फासली होती. लवकर सुटायचं होतं मला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हे पाण्यात गेल्यावर माणसं बुडतील, तुला कळतं का?" आणि सगळं खरवडून पुन्हा भरायला लावलंस. रंगारी हसले, मुकादम हसला. मी चोवीस वर्षांचा होतो. दिवसभर खरवडत होतो आणि मनात तुझ्या नावाने बोटं मोडत होतो. तुझं बोलणं रास्त होतं हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचाच जास्त राग होता.

संध्याकाळी डबा घेऊन वर आलो तेव्हा तू झोपला होतास. दुसऱ्या दिवशी फळ्या तापायच्या आत, पहाटेच उठून रंगाचा हात मारायचा होता म्हणून तू आठवडाभर बोटीवरच झोपत होतास. सदरा स्पिरिटने ओला, हात छातीवर, आणि घोरत होतास. बाटली नव्हती, वास होता तो स्पिरिटचा. हे वहिनीला लिहिलं आहे. डबा तुझ्या उशाशी ठेवला.

उतरताना शिडीच्या टोकाची गाठ दिसली.

मी ती सोडली.

वहिनी, वाच पुढे.

मला गंमत करायची होती. शिडी काढून ठेवावी, सकाळी तू कठड्यापाशी उभा राहून हाका मारशील, आणि आदल्या दिवशी ज्यांच्यासमोर माझा पाणउतारा झाला तेच खाली उभे राहून हसतील. मग मी येणार, काय झालं दादा म्हणून भोळेपणाने विचारणार आणि शिडी लावून देणार. एवढंच डोक्यात होतं. साडेपाचला यार्डात पोहोचायचं ठरवलं होतं. घड्याळाला गजरही लावला होता. तो वाजला, मी बंद केला आणि पुन्हा डोळा लागला. जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते.

शिडी मी बोटीखाली नीट आडवी ठेवली होती, यार्डाच्या नियमाप्रमाणे. दोर खिशात टाकला होता.

तू उठलास तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. तोंड बोटीकडे करून, न बघता पाय खाली सोडलास. बघायचं कशाला, शिडी तू स्वतःच्या हाताने बांधली होतीस. बारा फूट. टेकूवर आपटून फरशीवर. आणि शिडी आडवी म्हणजे बोट रिकामी, म्हणून त्या बाजूला कुणी फिरकलंच नाही. सुतारकाका सहाला आले तोवर तू तिथे पडून होतास. किती वेळ, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

मी पोहोचलो तेव्हा चौघे जण तुला उचलून नेत होते, आणि नेत होते त्याच शिडीवर घालून. स्ट्रेचर कुठून आणणार. त्यामुळे शिडी मुळात कुठे होती, पडली होती की ठेवली होती, हे नंतर कुणी विचारलंच नाही. रखवालदार म्हणाला, जमिनीवर होती एवढं लांबून दिसलं. मुकादमाने वर जाऊन बघितलं तर कठड्याला दोर नव्हता. मग सगळ्यांचा हिशेब जुळला. बांधली नाही, रात्री घसरली, सकाळी नशेत बघितलं नाही. मी काही बोलायच्या आत गोष्ट तयार झाली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. ते मला चांगलं जमलं.

पहिल्या दिवशी वाटलं, तू शुद्धीवर आलास की सांगू. मग वाटलं, पाय वाचला की सांगू. मग बाबांनी तुझ्या हातातली बोट काढून माझ्या हातात दिली, आणि मग सांगायचं म्हणजे बोट परत करायची असं झालं. मग बाबा गेले. जाताना मला म्हणाले, थोरल्याने दारूपायी नाव घालवलं, तू जप. मी हो म्हणालो. हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल, पण सगळंच लिहायचं म्हणून बसलो आहे.

यार्डात नवीन माणूस आला की मुकादम त्याला सांगतो, वर झोपायचं तर शिडी बांध, नाहीतर त्या दारुड्यासारखं होईल. अकरा वर्षं ऐकतोय. कधी कधी मी शेजारी उभा असतो.

पण सगळ्यांत वाईट ते नाही. सगळ्यांत वाईट हॉस्पिटलातलं आहे. वहिनी, पाणी पी आणि वाच. तू चिमणीला कडेवर घेऊन आलीस, तिला पलंगापाशी उभं केलंस आणि दादाला म्हणालीस, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग, प्यायला नव्हतास. त्याने हात ठेवला. म्हणाला, नव्हतो प्यायलो. तू त्याचा हात तिच्या डोक्यावरून काढलास. तुला वाटलं, याने पोरीची खोटी शपथ घेतली. त्यानंतर कितीतरी वर्षं तू तिला त्याच्यापाशी एकटी सोडली नाहीस. त्याने तिचा हात धरला की तू काहीतरी काम काढून तिला हाक मारायचीस. तुम्ही ते घर सोडून गेलात तोवर मी हे बघत होतो.

त्या दिवशी मी त्याच खोलीत खिडकीपाशी उभा होतो. दोर माझ्या पँटच्या खिशात होता. हात खिशात होता आणि दोर मुठीत होता. दोन-तीन पावलं टाकून तो पलंगावर ठेवायचा होता, दादा. सात-आठ फुटांचं अंतर होतं.

वहिनी, आता पुडकं त्याला दे. सोडू दे त्यालाच.

दादा, ओळख पटते का? दोन्ही टोकांना निळा दोरा गुंडाळलेला आहे. तुझ्याशिवाय यार्डात कुणी दोराची टोकं अशी गुंडाळत नव्हतं, बाकीचे नुसती जाळून टाकायचे आणि तू त्यांना आळशी म्हणायचास. बोटीच्या पेटीत तळाशी, जुन्या सुट्या भागांच्या डब्यात, अकरा वर्षं हा होता. दरवर्षी बोट वर काढली की मी डबा उघडायचो आणि बंद करायचो. टाकून द्यावा असं खूपदा वाटलं. एकदा पाण्यावर हात लांब करून धरलाही. सुटला नाही.

तू म्हणतोस, मी बांधली नव्हती. दादा, तू बांधली होतीस. मला पक्कं माहीत आहे, कारण ती गाठ सोडायला मला दोन्ही हात लागले. ओढून बघितली, आणखीच घट्ट बसली. दातांनी धरली. नखं दुखली, एक तुटलं. मधे दोनदा वाटलं की जाऊ दे, नाही सुटत. इतकी ती घट्ट होती.

परवा सकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांना गोळा करून हे सांगितलं. मुकादमाने कप खाली ठेवला आणि कामाला निघून गेला. बाकीचे माझ्याकडे न बघता गेले. सुतारकाका तेवढे बसून राहिले. मग म्हणाले, "शिडी मीच काढली होती बोटीखालून. नीट ठेवलेली होती. घरातलं काहीतरी असणार म्हणून बोललो नाही." त्यांनाही अकरा वर्षं माहीत होतं, आणि ते माझ्या हातची लांबी तपासत होते. हिला त्याच संध्याकाळी सांगितलं. डबा येतो वेळेवर, पण ही बोलत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला घरात झोपवेना, वहिनी, म्हणून इथे आलो. ती तीन कारणं खोटी होती. रोज पहाटे कठड्याशी पाठमोरा होतो, न बघता पाय खाली सोडतो, आणि पायरी लागेपर्यंत जो वेळ जातो तो मोजतो. याने काही होत नाही, दादा, तुझ्या पायात काही फरक पडत नाही, हे कळतं मला. पण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

माफ कर असं मी लिहिणार नाही. ते खिडकीपाशी उभा होतो तेव्हा म्हणायचं होतं. एकच मागतो, ऑपरेशन करून घे. पाय तू दारूने घालवला नाहीस. तू प्यायला नव्हतास. तू शिडी बांधली होतीस. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तू खरं बोलला होतास. शिक्षा म्हणून जे काही तू भोगतो आहेस ते माझ्या वाटणीचं आहे, आणि ते तुझ्याकडे राहू देणं मला आता सहन होत नाही. चिमणीला हे तू सांगणार की मी येऊन सांगू, ते कळव. ये म्हणालास तर येईन. दारातून परत जा म्हणालास तर परत जाईन.

बोट बावीस तारखेला पाण्यात सोडायची होती, मी थांबवली आहे. ती तुझी आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव, विकायची असली तरी. डाव्या अंगाच्या फटी मी पुन्हा भरल्या, कापूस ठोकून. सुतारकाकांनी त्यांवरून बोट फिरवून बघितलं, या वेळी मान हलवली नाही.

आणि तू शिडी नीट बांधत जा असं कळवलं होतंस, त्याचं उत्तर. शिडी उभी आहे, पण वरून बांधलेली नाही. यार्डात दुसरा दोर मिळत नाही असं नाही. मला गाठ येत नाही असंही नाही, तूच शिकवली आहेस. पण या शिडीचा दोर तुझ्या हातात आहे.

तुझी गाठ सोडणारा
बारक्या